मनू, तुझी दाराजवळची जागा

मनू, तुला जाऊन आज महिना झाला आणि मला अजून तुझा राग येतो. रडूही येतं, पण आधी राग येतो. शाळेत तुझी शोकसभा झाली तेव्हा आपल्या मोठ्या बाई उभ्या राहून म्हणाल्या, की शिवणाच्या मनोरमाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणापाशी आवाज चढवला नाही. तोंडात टाचण्या धरलेलं माणूस आवाज चढवणार तरी कसा? माझ्याशी वीस वर्षं भांडलीस ती ओठांच्या कोपऱ्यातून. निम्मं मला कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं कळूनही मी कानाआड करायची. सभेत माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, तू फार मनमिळाऊ होतीस. मी गणित शिकवणारी बाई इतकं धडधडीत खोटं कशी बोलले, कोण जाणे.

तू हट्टी होतीस. भांडण अर्धं टाकून उठून जाण्याची तुला घाणेरडी सवय होती. मी मुद्दा जुळवत बसायची आणि तू कापडाचा गठ्ठा उचलून चालती व्हायचीस. आता तर कायमचीच उठून गेलीस, आणि भांडण आहे तिथंच आहे. विषय तोच, वर्गात कुणी कुठे बसायचं.

आपल्या शाळेची रीत तुला सांगायला नको, पण मला ती आज स्वतःलाच एकदा सांगून बघायची आहे. दर परीक्षेनंतर नंबराप्रमाणे जागा बदलतात. पहिल्या नंबराची मुलगी फळ्यासमोर, माझ्या टेबलापाशी. दुसरी तिच्या शेजारी. असं करत करत शेवटचा नंबर मागच्या दाराजवळ, जिथे पाण्याचा माठ असतो. आपण दोघी शिकत होतो तेव्हाही हेच होतं. मला ही रीत फार न्यायाची वाटायची. मेहनत करा आणि पुढे या, यात कुणावर अन्याय आहे?

तू म्हणायचीस, "अगं गोदे, जिला फळा दिसत नाही ती नापास होणार. नापास झाली की तू तिला मागे टाकणार. मागून तिला आणखीनच दिसणार नाही. मागे भिंत आहे हीच गनीमत, नाहीतर तुझी शेवटच्या नंबराची पोरगी आत्तापर्यंत पार गावाबाहेर मुरारला पोचली असती."

"आणि पुढच्या पोरींनी काय गुन्हा केलाय?"

"त्यांना मुरारहून पण दिसतं. बसव त्यांना मागे."

हे बोलताना तू हसायचीस, म्हणून मला वाटायचं की तू थट्टाच करते आहेस. तुझं खरं कुठलं आणि थट्टा कुठली, ते ओळखण्याचं काम तू समोरच्यावर टाकून द्यायचीस.

शिवणाच्या तासाला तू मुलींचे टाके बघायचीस असं आम्ही सगळ्या समजत होतो. तू डोळे बघत होतीस. एखादी पोरगी सुई लांब धरून चारदा चुकायची. एखादी सुई अगदी नाकाला लावायची आणि एका फटक्यात ओवायची. या नाकाला सुई लावणाऱ्या पोरींची नावं तू कापडाच्या चिंधीवर लिहून माझ्याकडे आणलीस. मी बघितलं, निम्म्याहून अधिक माझ्या मागच्या रांगेतल्या. "जी इतकी बारीक सुई ओवते ती ढ कशी असेल, सांग बरं मला," असं म्हणत तू टेबलाशी ठाण मांडलंस. मी म्हटलं, सुई ओवणं आणि त्रैराशिक सोडवणं यांचा काडीचा संबंध नाही. शिवणाच्या बाईने उठून गणिताच्या बाईला तिचा धंदा शिकवावा, हे मला सोसत नव्हतं. आज लिहूनच टाकते, म्हणजे छातीवरचं ओझं तरी उतरेल.

आणि तू तरी काय कमी घोळ घातलेस? कानांचं आठवतं ना? कुठून तुझ्या डोक्यात आलं की मुलींना ऐकू नीट येतं का तेही बघावं. माझ्या वडिलांचं चावीचं घड्याळ माझ्याकडून मागून नेलंस. एकेक मुलीच्या मागे उभी राहून तिच्या कानाशी ते धरायचीस आणि विचारायचीस, "टिकटिक येते ऐकू?" मी कोपऱ्यात उभी राहून कागदावर खुणा करत होते. "हो बाई." "हो बाई." "हो बाई." वर्गातल्या एकूण एक मुलींना आली. राहिली फक्त ती सुशी, माझ्या चौथीतली, शेवटचा नंबर, माठाजवळची. ती मान हलवून म्हणाली, "नाही बाई, मला तर काहीच नाही ऐकू येऊन राहिलं."

मी तिच्यावर खेकसले. सगळ्या वर्गाला येते आणि तुलाच येत नाही होय, आगाऊपणा करतेस? पोरीचे डोळे भरले. तेवढ्यात तू ते घड्याळ स्वतःच्या कानाला लावलंस. मग हलवलंस. पुन्हा लावलंस. घड्याळाला चावीच दिलेली नव्हती. आदल्या दिवसापासून ते बंद पडलेलं होतं.

तू मटकन खाली बसून हसत सुटलीस. मुली हसल्या, मीसुद्धा हसले. मग तुझं हसू एकदम थांबलं आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "गोदे, या पोरी आपल्याला सगळ्यालाच हो म्हणतात गं. फळा दिसतो का विचारलं तर हो. समजलं का विचारलं तर हो. बाईंना नाही म्हणायचं नसतं, हेच त्या सगळ्यात आधी शिकतात. दिसतं का, असं विचारूच नये. काय दिसतं, ते विचारावं." मी म्हटलं, चावी द्यायला विसरलीस ते आधी कबूल कर. तू केलं नाहीस. शेवटपर्यंत म्हणत राहिलीस की चावी मी द्यायला हवी होती, घड्याळ माझं म्हणून.

त्या दिवशी वर्गात एकच मुलगी खरं बोलली होती. हे तुझ्या ध्यानात राहिलं आणि माझ्या राहिलं नाही.

सुशी चौथीत एकदा नापास झालेली. अकरा वर्षांची. तिचे वडील इंदरगंजात एका कचेरीत कारकून. त्यांनी शाळेत येऊन मोठ्या बाईंना साफ सांगितलं होतं, की यंदा पोरगी पास झाली तर ठीक, नाहीतर शाळा बंद, स्थळं येऊ लागलीच आहेत. हे तुला कळल्यापासून तू माझा पिच्छा पुरवलास. सुशीला पुढे बसव. फक्त वार्षिक परीक्षेपर्यंत. मी म्हटलं, पहिल्या नंबराच्या मुलीला कुठल्या तोंडाने उठवू? तिचे आजोबा दरबारातले. आणि एकीला विनाकारण पुढे बसवलं तर उद्या सगळ्यांच्या आया दारात उभ्या राहतील.

"विनाकारण नाही," तू म्हणालीस, आणि सुशीची वही माझ्यापुढे आपटलीस. त्या दिवशी तोंडात टाचण्या नव्हत्या. "ही गणितं बघ."

"बघितली आहेत. मीच तपासली आहेत. सगळी चूक."

"तू उत्तरं बघितलीस. गणितं बघ. फळ्यावरून तिने जे उतरवून घेतलंय ते तिने बरोबर सोडवलंय. फक्त ते तुझं गणित नाहीये. तुझ्या तीनचा तिने आठ केलाय, कारण तिला तिथून तो आठच दिसून राहिलाय."

"गणितात उत्तर एकच असतं, मनू."

 यावर तू अगदी हळू म्हणालीस, "मी कुठे बसायची, आठवतं तुला?"

मी म्हटलं, "दाराजवळ. माठापाशी. का?"

तू चष्मा काढलास, पदराने पुसलास, पुन्हा घातलास. "काही नाही," म्हणालीस आणि नेहमीसारखी उठून गेलीस. आपलं शेवटचं बोलणं ते एवढंच.

काय बिघडलं असतं गं पुढचं वाक्य बोलली असतीस तर? तोंडात टाचण्यासुद्धा नव्हत्या! "गोदे, मलाही दिसत नव्हतं." चार शब्द. तेवढे तुझ्याच्याने निघाले नाहीत, आणि माझ्या डोक्यात ते आपणहून आले नाहीत. बरं, तुझा तो जाड भिंगांचा चष्मा वीस वर्षं माझ्या नाकासमोर होता. मी आयुष्यभर पहिल्या नंबराला बसलेली बाई, मला दोन आणि दोन चार करता आले नाहीत.

कारण हिशोब इतका सरळ होता. आपण दोघी चौथीत एकत्र होतो. मी फळ्यासमोर उभी राहून पाढे सांगायची आणि तू मागून सगळ्यांच्या आधी म्हणायचीस. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, सगळं तुला तोंडपाठ. कानाने जे शिकता येतं ते सगळं तू शिकली होतीस. आणि परीक्षेचं गणित फळ्यावर लिहिलं की नापास. बाई म्हणायच्या, पोरीला घोकता येतं, अक्कल नाही. मलाही तसंच वाटायचं. तू माझी मैत्रीण होतीस, गुणी होतीस, माझ्या परकराच्या फाटक्या काठाला असा टाका घालायचीस की आईलाही कळायचं नाही. पण तू ढ होतीस, हे मी सूर्य पूर्वेला उगवतो तसं धरून चालले होते. दुसऱ्यांदा नापास झालीस आणि तुझ्या वडिलांनी लग्न ठरवलं. मी त्या लग्नात पंगतीला बसून जिलब्या खाल्ल्या. मला वाईट वाटलं होतं एवढंच, की आता शिवण कोण करून देणार.

एकोणिसाव्या वर्षी तू विधवा होऊन भावाच्या घरी परत आलीस. त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तुला शिवताना बघितलं आणि चष्मा दिला. दोन वर्षांनी माझ्याही नशिबी तेच वैधव्य आलं, आणि दोघींनी ही शाळा धरली. त्या एका बाबतीत देवाने आपल्याला एका नंबराला बसवलं. पण शाळेत मी गणिताची बाई आणि तू शिवणाची. तेही मी गुणांप्रमाणेच झालं असं धरलं.

वहीवरून भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. तिसऱ्याही दिवशी नाही. शाळेतली कामाची दाई म्हणाली, बाईंना ताप आहे. मला वाटलं, रुसली आहे. पौषातली थंडी, आपलं अर्धं लष्कर गाव खोकत होतं, तुला थोडा ताप असेलही, पण खरं दुखणं म्हणजे मी. म्हणून मी जायचं टाळलं. चौथ्या दिवशी दाईबरोबर निरोप धाडला, "रुसवा संपला असेल तर या म्हणावं, मुलींची झबली अर्धी पडली आहेत." उत्तर आलं नाही, म्हणून मी आणखी चिडले. सहाव्या दिवशी सकाळी तुझा भाचा माझ्या दारात उभा राहिला आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच मी चप्पल घालायला लागले. ताप छातीत उतरला होता. मी पोचले तेव्हा तुला नेण्याची तयारी चालली होती.

तू निरोप ऐकलास की नाही, हेही मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ऐकला असशील तर हसली असशील, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

तेराव्यानंतर तुझ्या भाच्याने तुझा शिवणाचा डबा आणून दिला. "आत्या म्हणायची, हा गोदूमावशीला द्यायचा. तिला तर सुई पण धरता येत नाही, पण दे म्हणे." डब्यात रिळं, कात्री, तुझा चष्मा आणि सुशीची वही. ती तू भांडणानंतर परत उचलून नेली होतीस.

त्या दिवशी दुपारी मी ती वही घेऊन बसले. उत्तरांकडे न बघता गणितं बघितली. मग तिने जशी उतरवली होती तशीच मी एकेक सोडवत गेले. मनू, एक सोडून सगळी बरोबर होती. हातचे बरोबर, भागाकार बरोबर. माझ्या लाल शाईच्या फुल्या वहीभर पडलेल्या, आणि त्या एकीखेरीज एकही त्या पोरीच्या अकलेची नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात थांबले. फळ्यावर एक भागाकार लिहिला आणि माठाजवळ जाऊन बसले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, माझे डोळे अजून चांगले आहेत. मग तुझा चष्मा घातला. तुझी भिंगं माझ्या डोळ्यांना उलटी, हे मला कळतं. पण फळ्यावरचे आकडे विरघळले, सहा आणि आठ एक झाले, आणि मी तिथे अकरा वर्षांची होऊन बसले. पुढे कुणी पाढे सांगत होतं आणि तिला सगळं दिसत होतं. ती मी होते.

मी सुशीला उठवून पुढे बसवलं. पहिल्या नंबराचे आजोबा आले. मी त्यांना म्हटलं, आपल्या नातीला मुरारहून पण दिसतं. त्यांना काही कळलं नाही, पण बिचारे मान डोलवून निघून गेले.

पुढे बसवून भागलं नाही, हे तुला सांगायचं राहिलं होतं. तिथूनही तिला अर्धंच दिसत होतं. "काय दिसतं" असं विचारलं तेव्हा कळलं. टांगा करून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नंबर लिहून दिला, आणि मग मी तिच्या वडिलांच्या कचेरीत गेले. तू असतीस तर टाचण्या गिळल्या असत्यास.

"बाई, आपण समजून नाही राहिल्या," ते म्हणाले. "चष्म्याची पोरगी कोण करून घेणार?"

"आणि नापास झालेली?"

"नापास झालेलं काय चेहऱ्यावर दिसतं?"

 तुला यावर उत्तर सुचलं असतं. मी तिथेच कचेरीच्या ओसरीवर बसून राहिले. येणारे जाणारे बघायला लागले, कारकून बघायला लागले, एक जण पाणी घेऊन आला. त्यांना लाज वाटली की कीव आली, कोण जाणे. अखेर ठरलं ते असं, की चष्मा शाळेत राहील. सुशीने सकाळी येऊन माझ्या टेबलाच्या खणातून घ्यायचा आणि सुटताना परत ठेवायचा. घरी, गल्लीत, कुणाच्या लग्नामुंजीत नाही. म्हणजे पोरीला शाळेत दिसेल आणि बाहेर दिसणार नाही. हा न्याय मला कबूल नाही, पण परीक्षा दोन महिन्यांवर आहे आणि मी एका वेळी एकच भांडण लढू शकते. तू दोन लढायचीस.

चष्मेवाल्याने तुझ्याच चौकटीत नवी भिंगं बसवली. तुला विचारलं नाही. चौकट तिला मोठी होते, नाकावरून घसरते, म्हणून मी तुझ्या डब्यातला काळा दोरा घेऊन दोन्ही काड्या मागे बांधल्या. गाठ इतकी वाईट आली आहे की तू बघितली असतीस तर उसवून टाकली असतीस. सुईतसुद्धा दोरा सुशीनेच ओवून दिला.

हे सगळं परवाचं. काल सकाळी तिने पहिल्यांदा तो घालून माझा तास केला. मी फळ्यावर गणित लिहिलं, मुलींनी उतरवून घेतलं, मी फळा पुसला. बघते तो सुशी वही सोडून फळ्याच्या पायथ्याशी बघते आहे.

मी म्हटलं, "काय दिसतं गं?"

"बाई, फळा पुसला तर खाली भुकटी पडते," ती म्हणाली. "पांढरी. हळूहळू पडते. हे मला मालूमच नव्हतं."

वर्ग हसला. मला हसता आलं नाही. मी पाठ फिरवून पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले.

चौथीत खडूची भुकटी माझ्या डोक्यावर पडायची, मनू. तू सुट्टीत माझ्या वेण्या झटकून द्यायचीस आणि विचारायचीस, "हे पांढरं रोज कुठून येतं गं तुझ्या केसांत?" मी म्हणायची, एवढंही कळत नाही तुला, ढ कुठली. आणि तू हसून वेण्या झटकत राहायचीस.